तुपाला शून्य मार्क

मराठी घरात दुधाच्या पदार्थांचा मानपान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. पहिला पाट तुपाचा. त्याला लागून श्रीखंड, बासुंदी, मग पेढे-बर्फी ही व्याहीमंडळी. दही घरातलंच, त्याला आमंत्रण लागत नाही. ताक शेवटी, हात धुवायला उठण्याआधी. आणि दुधाची पावडर मांडवाच्या दारात, कारण ती ‘खरं दूध’ नव्हे याबद्दल घरात एकमत. ही उतरंड कुणी कागदावर मांडली नव्हती, तरी ती मोडायची कुणाची छाती नव्हती. मग पाकिटांच्या पाठीवर पोषणमूल्यांचा तक्ता छापून येऊ लागला. त्यात ‘प्रथिने’ अशी एक ओळ असते. त्या ओळीप्रमाणे पाट मांडायचे तर पहिल्या पाटावरच्या पाहुण्यालाच उठवावं लागतं.

तुपात प्रथिनं शून्य. यात तुपाचा काही दोष नाही. लोणी कढवायचं ते त्यातलं पाणी उडवायला आणि स्निग्धांश सोडून बाकी जे काही असेल ते तळाशी बसवायला. प्रथिनं त्या ‘बाकी’त मोडतात. तूप जितकं नितळ, तितकी प्रथिनांची हकालपट्टी पक्की. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही हे म्हणीनं कधीच कबूल केलं होतं. दंडही येत नाहीत, एवढीच भर पोषणशास्त्रानं घातली.

तरीही बाजारात ‘ए-टू’ तूप मिळतं, आणि साध्या तुपापेक्षा चांगलंच महाग मिळतं. ए-टू हा बीटा-केसीन नावाच्या दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार. देशी गायींच्या दुधात तो प्रामुख्यानं असतो, म्हणून त्याचा एवढा बोलबाला. पण तुपात प्रथिनच उरलेलं नसेल तर त्याचा प्रकार कुठून येणार, हा प्रश्न बरणी उचलताना कुणाला पडत नाही. सरकारला तो पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, दूध-तुपाच्या वेष्टनांवरून ए-वन, ए-टूचे दावे काढून टाका असं पत्रक काढलं, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ते मागे घेतलं. तुपातल्या प्रथिनांपेक्षा ते पत्रक जरा जास्त टिकलं, एवढंच म्हणायचं.

मग लोण्यात जी काही थोडीफार प्रथिनं असतात ती जातात कुठे? बेरीत. कढईच्या बुडाशी चिकटलेली, तपकिरी, किंचित आंबूस, खमंग बेरी. कढत्या तुपात विड्याचं पान सोडणारी आजी गाळलेल्या तुपाची बरणी फडताळात सर्वांत वरच्या फळीवर ठेवते आणि खाली उरलेल्या बेरीवर साखर भुरभुरून ती पोरांच्या हातावर टेकवते. पोरं त्या चमचाभर खरवडीवरून भांडतात. मोठ्यांना वाटतं, बिचाऱ्यांना गाळ मिळाला. प्रत्यक्षात लोण्यातला प्रथिनांचा सगळा ऐवज बिचाऱ्यांनीच पळवलेला असतो.

प्रथिनांची ही सवय जुनी आहे. आपण आदरानं ज्याच्याकडे बघतो तिथे ती थांबत नाहीत. जिकडे लक्ष नसतं तिकडे जाऊन बसतात.

माणसाला ती लागतात तरी किती? आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेला आकडा आहे वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅमच्या आसपास. आता दुधाकडे वळू. गायीच्या शंभर ग्रॅम दुधात सव्वातीन ग्रॅम प्रथिनं, म्हशीच्या दुधात पावणेचार ते सव्वाचार. मोठा पेलाभर दूध प्यायलं की सात-आठ ग्रॅम झाली. पण पेलाभर दूध पितो कोण? बहुसंख्य प्रौढ मराठी माणसांचा दुधाशी संबंध चहापुरता उरला आहे. अमृततुल्याच्या एवढ्याशा काचेच्या ग्लासात दूध किती, पाणी किती हे चहावाल्याचं गुपित असलं, तरी त्यातून एक ग्रॅम प्रथिन मिळालं तरी नशीब. त्या हिशेबानं दिवसाची गरज भागवायला चौपन्न कटिंग लागतील. पुण्यात काही जण या आकड्याच्या जवळपास असतात, पण प्रथिनांसाठी नव्हे.

घरात दहावीचा मुलगा असला की पिशवीचा रंग बदलतो. एरवी डबल टोन्ड दूध येत असतं, वर्ष सुरू झालं की फुल क्रीम. ‘डोक्याला ताण आहे त्याच्या’ असं कारण. इथे थोडं आकड्यांत शिरायला हवं. दुधाच्या पिशवीवर दोन आकडे असतात. एक फॅट, दुसरा एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून उरलेलं सगळं, प्रथिनं, लॅक्टोज नावाची दुधातली साखर आणि क्षार. सरकारी मानकाप्रमाणे फुल क्रीम दुधात फॅट किमान ६ टक्के आणि एसएनएफ ९ टक्के. डबल टोन्डमध्ये फॅट दीड टक्का आणि एसएनएफ, पुन्हा वाचावं, ९ टक्के. प्रथिनं एसएनएफमध्ये राहतात. म्हणजे डबल टोन्डची ‘पातळ, पाणचट, दवाखान्यातली’ म्हणून हिणवलेली पिशवी प्रथिनांत फुल क्रीमच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे. जास्तीच्या पैशांत दहावीच्या मुलाला मिळाली ती साय, आणि ती त्याची आई तूप करायला काढून घेते. त्या तुपात किती प्रथिनं हे वर आलंच आहे.

टोन्ड दूध ही मुंबईचीच देणगी आहे. शहराचे दूध आयुक्त राहिलेले आणि आरे कॉलनीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्किम्ड पावडर मिसळून १९४६ साली ते तयार करवलं. दूध कमी, शहर मोठं, म्हणून दूध ताणायचं, पण ताणताना प्रथिनं विरळ होऊ द्यायची नाहीत अशी ती युक्ती. पाणी घालून फॅट कमी होतं, पावडर घालून एसएनएफ जागेवर येतो. तोवर गवळी यातला फक्त पहिला अर्धा भाग करत असत. खुरोडींना १९६३ साली व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गवळ्यांना त्यांच्या अर्ध्या शोधाबद्दल काहीच मिळालं नाही.

त्या पावडरीबद्दलही एक शब्द टाकायला हवा, कारण मराठी स्वयंपाकघरात तिच्याइतका अपमान कुणाचा होत नाही. पाहुणे आले आणि दूध संपलं, तर ‘पावडरचा चहा आहे हं’ असं आधीच कबूल करून पेला पुढे होतो. स्किम्ड दूध पावडरीत शंभर ग्रॅमला ३५ ते ३८ ग्रॅम प्रथिनं असतात. डेअरीच्या फळीवर शेजारी उभ्या असलेल्या चीजलाही हे जमत नाही. प्रथिनांच्या पंक्तीत पहिला पाट हिचा, आणि यजमान मात्र तिची माफी मागत फिरतोय.

आता दह्याकडे. दह्यात प्रथिनं दुधाइतकीच, तीन-साडेतीन ग्रॅम. विरजण लागल्यानं ती वाढत नाहीत, फक्त पचायला थोडी सोपी होतात. पण हेच दही फडक्यात बांधून नळाच्या तोटीला रात्रभर टांगलं की चित्र पालटतं. पाणी गळून जातं, दही एक तृतीयांश उरतं, प्रथिनं तिप्पट दाट होतात. त्याला चक्का म्हणतात. एफएसएसएआयच्या मानकाप्रमाणे चक्क्यात घन पदार्थ किमान ३० टक्के आणि त्या घन पदार्थांपैकी किमान ३० टक्के प्रथिनं हवीत, म्हणजे शंभर ग्रॅमला नऊ. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये एवढ्याशा डब्यात मिळणाऱ्या ग्रीक योगर्टवर साधारण हाच आकडा छापलेला असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डेअरीपुढे किलोकिलोच्या चक्क्यासाठी रांगेत उभे असलेले काका रोज सकाळी जिमवरून येताना ग्रीक योगर्टचा डबा आणणाऱ्या आपल्या मुलाला ‘काय रे ते आंबट, एवढं महाग!’ असं म्हणत असतात, आणि मुलगा त्यांना ‘बाबा, तुम्हाला नाही कळायचं’ असं म्हणत असतो. दोघांच्याही हातात एकच पदार्थ असतो.

फरक नंतर पडतो. मुलगा त्यात चार जांभळी फळं टाकतो. काका घरी जाऊन पुरणयंत्र काढतात.

श्रीखंडाबद्दल वाईट बोलणं महाराष्ट्रात धोक्याचं आहे, म्हणून इथे फक्त सरकारी मानक सांगितलं जाईल. श्रीखंडात घन पदार्थ किमान ५८ टक्के असावेत. त्या घन पदार्थांपैकी प्रथिनं किमान ९ टक्के, साखर कमाल ७२.५ टक्के. मानकाच्या कडेवर बसलेलं श्रीखंड घेतलं तर प्रथिनाच्या एका ग्रॅमला साखर आठ ग्रॅम पडते. शंभर ग्रॅमच्या वाटीत प्रथिनं सव्वापाच ग्रॅम, साखर बेचाळीस ग्रॅम. एखाद्यानं निव्वळ श्रीखंडावर चौपन्न ग्रॅमची गरज भागवायचं मनावर घेतलं, तर त्याला दिवसाला किलोभर श्रीखंड आणि त्यातून चारशे ग्रॅमवर साखर पोटात घालावी लागेल. पंगतीत पैजेवर इतकं खाणारे लोक आपल्याकडे होऊन गेले. त्यांनी प्रथिनांचं नाव काढलं नाही हा त्यांचा प्रामाणिकपणा.

बासुंदी, खवा आणि पेढा यांचा हिशेब त्या मानानं सरळ आहे. दूध आटवलं की पाणी जातं, बाकी सगळं जागेवर राहतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात गायीच्या खव्याला २० ग्रॅम आणि म्हशीच्या खव्याला १४.६ ग्रॅम प्रथिनं दिलेली आहेत. म्हशीच्या दुधात प्रथिनं जास्त आणि खव्यात कमी, हे कोडं वाटतं. पण म्हशीच्या खव्यात फॅटच एवढं दाटीवाटीनं बसलेलं असतं की प्रथिनांना जागा उरत नाही. साताऱ्याचा कंदी पेढा, कुंथलगिरीचा पेढा, नरसोबाच्या वाडीची बासुंदी ही सगळी मंडळी इथे बऱ्या गुणांनी पास होतात. तरी अजून ‘प्रोटीन पेढा’ असा फलक लावून कुणी दुकान थाटलेलं दिसत नाही. लवकरच थाटेल, याविषयी शंका नको.

कारण ताकाचं तेच झालं. घरचं ताक म्हणजे दह्याच्या एका वाटीत पाण्याचे तीन तांबे. जुन्या तक्त्यात ताकाला शंभर ग्रॅममागे ०.८ ग्रॅम प्रथिनं आहेत. पेलाभर ताकात दीड-पावणेदोन ग्रॅम. उन्हाळ्यात यापेक्षा चांगलं पेय नाही, पण दंड फुगवायला ते उपयोगाचं नाही. आता मात्र अमूलचं हाय प्रोटीन ताक मिळतं. २०० मिलिलिटरच्या खोक्यात १५ ग्रॅम प्रथिनं. घरच्या ताकाचे नऊ पेले एका खोक्यात. पूर्वी लोक ताकाला जाऊन भांडं लपवत. आता ताक पिणारा माणूस खोकं असं धरतो की त्यावरचा आकडा समोरच्याला दिसलाच पाहिजे.

पनीर हा महाराष्ट्राच्या पंक्तीतला उशिरा आलेला पाहुणा. आपल्याकडे दूध मुद्दाम फाडणं म्हणजे अपशकुन. फाटलंच तर हळहळत त्यात साखर घालून आटवायचं, आणि ‘नासलं होतं म्हणून केलं’ असं सांगतच वाढायचं. मग गावोगावच्या हायवेवर पंजाबी ढाबे आले, लग्नाच्या जेवणात काउंटर आले आणि पन्नाशीतल्या ज्या पिढीनं लहानपणी पनीर पाहिलंही नव्हतं ती ‘व्हेजमध्ये प्रोटीन म्हणजे पनीरच’ असं ठासून सांगू लागली. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात हे खरं. पण पनीरच्या कोरड्या भागात निम्मा तरी स्निग्धांश हवाच, असं मानक सांगतं. उरलेल्या निम्म्यात प्रथिनं, थोडी दुधातली साखर आणि क्षार. म्हणजे पनीर जितकं प्रथिनांचं, त्याहून थोडं जास्तच फॅटचं. हॉटेलात चौघांत एक पनीर बटर मसाला मागवला जातो. तुकडे येतात दहा-बारा. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच. यजमान सभ्य असेल तर त्याच्या वाट्याला रस्सा.

तेही तुकडे दुधाचे असतील तर. दुधातला स्निग्धांश काढून त्या जागी पामतेल वगैरे घालून केलेलं, ‘अॅनालॉग’ म्हणवणारं पनीर स्वस्त पडतं, दिसायला तितकंच पांढरं असतं. २०२५च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात या पनीरचा विषय थेट विधानसभेत पोचला. शेतमालाचे भाव, पाणीपट्टी, आरक्षण यांवर जिथे वाद होतात तिथे पनीरला बोलायची वेळ मिळाली, यावरून ते मराठी समाजात किती मुरलं याचा अंदाज यावा.

चीजचं मुंबईत वेगळंच चाललंय. डोशावर चीज, पावभाजीवर चीज, वडापावात चीज, आणि सँडविचवर किसणी घेऊन उभा असलेला माणूस गिऱ्हाईक ‘बस’ म्हणेपर्यंत थांबत नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, त्याहून अधिक फॅट. एका क्यूबमधून पाचेक ग्रॅम मिळतात. वडापाव खाऊनही ‘चीजवाला घेतला, जरा प्रोटीन’ असं समाधान मिळत असेल तर ते क्यूबच्या किमतीत स्वस्तच म्हणायचं.

चीजच्या कारखान्यातूनच त्या जाड झाकणाच्या, भाताच्या डब्याएवढ्या बरणीतल्या व्हे पावडरीचा उगम आहे. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ऐंशी टक्के केसीन, वीस टक्के व्हे. चीज करताना दूध फार न तापवता रेनेटनं गोठवतात. केसीनचा गोळा होतो आणि व्हे पाण्याबरोबर निघून जातं. हे हिरवट पाणी युरोप-अमेरिकेत बरीच वर्षं डुकरांना पाजलं जाई, नाही तर ओढ्यात सोडलं जाई. पुढे त्यातली प्रथिनं गाळून घेण्याच्या चाळण्या निघाल्या, आणि डुकरांच्या पाण्याला व्हॅनिला-चॉकलेटचा स्वाद लागला. त्या पाण्यात लिटरमागे सहा-आठ ग्रॅमच प्रथिनं असतात. चोवीस ग्रॅमचा एक चमचा भरायचा तर तीन-चार लिटर पाणी गाळावं लागतं.

हे कळल्यावर घरोघरच्या आज्यांना स्फुरण चढणं साहजिक आहे. चक्क्याचं पाणी त्या कधीच फेकत नव्हत्या. थालीपिठाचं पीठ त्यात भिजवायचं, नाही तर कढीत ढकलायचं. ‘तुमचं ते व्हे आम्ही कधीपासून खातोय’ हे वाक्य नातवाला ऐकवायची संधी अशी रोज येत नाही. मात्र इथे रसायनशास्त्र आजीच्या बाजूनं पूर्ण उभं राहत नाही. दही लावायच्या आधी आपण दूध खळखळून उकळतो. त्या उष्णतेनं व्हेमधली बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. खाली गळतं त्या पाण्यात दुधातली साखर, आंबटपणा, क्षार आणि जीवनसत्त्वं असतात, प्रथिनं थोडकी. थालीपीठ चविष्ट होतं ते आंबटपणामुळे. नातवाला हे सांगायचं की नाही, हे ज्यानं त्यानं घरातली शांतता बघून ठरवावं.

आयसीएमआरनं २०२४च्या आहारसूचनांत प्रोटीन पावडरीच्या नादी लागू नका असंच सांगितलंय. हा सल्ला कोल्हापुरात पोचायची गरज नव्हती.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळनंतर म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईकासमोर धार काढायची, फेसाळता पेला हातात द्यायचा, गिऱ्हाइकानं मिशीवरचा फेस पुसत तो रिकामा करायचा. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचं मैदान उभं राहिलं, त्या काळापासून या शहरात दूध हे पेय नसून खुराक आहे. पैलवानानं दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध रिचवलं तर त्याच्या पोटात पंच्याहत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं जातात. बरणीतल्या पावडरीचे तीन चमचे. बरोबर सव्वाशे-दीडशे ग्रॅम फॅटही जातं, पण पहाटे चारला उठून हजार जोर काढणाऱ्याकडे ते मुक्कामाला थांबत नाही. अडचण होते ती जोर न काढता नुसता खुराक ठेवणाऱ्यांची. कट्ट्यावर अशी मंडळीही बरीच असतात, आणि ती पैलवानांपेक्षा आडव्या अंगानं भरलेली दिसतात. धारोष्ण दुधात ‘ताकद’ जास्त असते असा तिथे विश्वास आहे. प्रथिनांपुरतं बोलायचं तर धारोष्ण आणि उकळलेलं सारखंच. कच्च्यात जास्त असतात ते जंतू, म्हणून डॉक्टर उकळून प्या म्हणतात. हे वाक्य कट्ट्यावर उभं राहून म्हणणारा डॉक्टर अजून जन्मायचा आहे.

ताकदीचाच प्रश्न असेल तर उत्तर तिसरीकडेच आहे. गुस्ताफ फॉन बुंगे नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दाखवून दिलं की ज्या प्राण्याचं पिल्लू झपाट्यानं वाढतं त्याच्या दुधात प्रथिनं जास्त. माणसाच्या बाळाचं जन्मवजन दुप्पट व्हायला पाच-सहा महिने लागतात. आईच्या दुधात प्रथिनं जेमतेम एक टक्का. वासरू दीड महिन्यात दुप्पट होतं. गायीच्या दुधात सव्वातीन टक्के. सशाचं पिल्लू सहा दिवसांत दुप्पट होतं आणि सशिणीच्या दुधात प्रथिनं दहा टक्क्यांहून जास्त. जिमवाल्यांनी खरं तर सशिणीची डेअरी काढायला हवी. धार कोण काढणार, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे या जातीचं एकच दूध मिळतं, तेही ओळख असेल तर. गाय-म्हैस व्यायल्यावर पहिल्या दिवशीचा चीक. पहिल्या धारेच्या चिकात चौदा टक्क्यांच्या घरात प्रथिनं असतात, बरीचशी वासराला रोगांपासून वाचवणारी. तीच उष्णतेनं घट्ट होतात, म्हणून खरवसाला ना विरजण लागतं ना पीठ. गूळ, वेलदोडा घालून वाफवला की वडी आपोआप पडते. दूध न आटवता होणाऱ्या मराठी पक्वान्नांत प्रथिनांचा राजा कुणी असेल तर हा. त्याची मागणी इतकी की पुरवठा गायीवर सोडून चालत नाही. रस्त्यावर थाळ्यात विकायला ठेवलेल्या खरवसात बरेचदा दूध पावडर आणि चायना ग्रास असतं. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होतं आणि त्यात प्रथिन नसतं. वडी मात्र सुरेख पडते. तिला खरवस म्हणून खाणारा ‘चीक कुठल्या गावचा?’ असं कौतुकानं विचारतो, आणि विकणारा न अडखळता गावाचं नाव सांगतो.

इतके आकडे झाल्यावर ते काढतात कसे हेही बघायला हवं. योहान केल्डाल हा डेन्मार्कचा रसायनशास्त्रज्ञ कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत कामाला होता. बीअरसाठीच्या धान्यातलं प्रथिन मोजायची पद्धत त्यानं १८८३ साली काढली, आणि दुधालाही पुढे तीच लागू झाली. म्हणजे तमाम आज्यांच्या खरवसाचं मोजमाप दारूच्या भट्टीवर ठरलं. ही पद्धत प्रथिन मोजतच नाही; नायट्रोजन मोजते आणि दुधासाठी त्याला ६.३८नं गुणते. नायट्रोजन कुठून आला हे तिला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये याच फटीतून दुधात मेलामाइन घुसवलं गेलं. पाणी घातलेलं दूध चाचणीत पास झालं, लाखो बाळं आजारी पडली, काही दगावली. भेसळीचा गवळी पाण्यावर थांबत होता तोवर बरं होतं, असं म्हणायची वेळ आली.

आणि एवढं करून ज्याच्या गोठ्यात हे सगळं तयार होतं त्याच्या हिशेबात प्रथिन कुठे बसतं? न्यूझीलंडमध्ये शेतकऱ्याला फॅट आणि प्रथिन मिळून किती किलो भरलं यावर पैसे मिळतात. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ‘तीन पाच, आठ पाच’ला ठरतो, साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ. एसएनएफमध्ये प्रथिनं आली, पण ती लॅक्टोज आणि क्षारांच्या गर्दीत, नाव न घेता. गावच्या संकलन केंद्रावर सकाळी कॅन घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला शहरातल्या ताकाच्या खोक्यावर काय छापतात याची खबर नसते. त्याचा जीव एका पॉइंटमध्ये अडकलेला असतो, कारण पॉइंट खाली आला की दर कापला जातो. केंद्रावरचं पोरगं नमुना यंत्रात घालतं. पडद्यावर आकडे उमटतात.

“फॅट तीन आठ. एसएनएफ आठ चार. तात्या, एसएनएफ पडला आज.”

“भरडा बदललाय दोन दिस. आन् ते खाली तीन एक काय दावतंय?”

“ते प्रोटीन.”

“त्येचं किती मिळत्यात?”

“त्येचं काय न्हाय.”

“मग दावतंय कशाला?”

“मशिनीत हाय म्हणून.”